सलाईन लावूनही आप्पांचा तोल का जातोय?

डॉक्टर, नमस्कार.
मी २६ वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाइंगला कामाला आहे. घर नीलमनगरला. आप्पा ५५ वर्षांचे, आधी पॉवरलूमवर होते, आता घरीच. ताडी रोजची, पैसे असले की देशी. गेले तीन महिने जेवण नावापुरतं, चहा-खारी एवढंच पोटात जातं. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी होम मैदानावर गर्दीत दोनदा तोल गेला. तेव्हापासून पाय फाकवून चालतात, जिना उतरताना भिंत धरतात. अशक्तपणा आहे म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे ग्लुकोजची बाटली लावत होतो. पहिल्या दोन-तीन वेळा तरतरी आली. परवा मात्र बाटली लावून घरी आणलं आणि रात्री बघतो तर बोलणं असंबद्ध. एकाचे दोन दिसतात म्हणाले. वारलेला काका सकाळी येऊन गेला म्हणाले. "जेवलास का?" हे मला तासाभरात चारदा विचारलं.
मेडिकलवाल्याने झोपेची गोळी दिलीय. आई म्हणते, पिणं सोडवायची पावडर मिळते, ती गुपचूप चहात घालू. मित्राने एक रील पाठवलंय: दारू आणि काही औषधं मेंदूच्या पेशींची 'बॅटरी' संपवतात, मायटोकॉन्ड्रिया मारतात. त्या यादीत आईची शुगरची मेटफॉर्मिन आणि बहिणीची फिटची व्हॅल्प्रोएटसुद्धा आहे. खाली कॅप्सूलची जाहिरात, महिन्याचे अडीच हजार. बहीण १९ वर्षांची, तिने भीतीने कालपासून गोळी घेतलेली नाही. यातलं खरं किती? आप्पांना घरात कोंडून पिणं बंद करू का? कॅप्सूल मागवू का?
— एक वाचक, सोलापूर

मित्रा,

तुझं पत्र सदराच्या रांगेत थांबण्यासारखं नव्हतं. म्हणून ते आलं त्याच संध्याकाळी तुला दोन ओळी कळवल्या होत्या: आप्पांना आजची रात्र घरी ठेवू नकोस, १०८ बोलाव आणि सिव्हिलला ने, आणि बहिणीला तिची गोळी लगेच दे. तू दोन्ही केलंस. आप्पा वॉर्डात आहेत, डोळे जरा स्थिरावलेत, बहीण ठीक आहे, असा तुझा निरोप आला. घाईचं काम झालं. आता बाकीचं सावकाश बोलू.

आधी बाटलीबद्दल. आपल्याकडे देवाच्या खालोखाल विश्वास असतो तो सलाईनवर. बाकावर पेशंट, भिंतीतल्या खिळ्याला बाटली, थेंब पडायला लागले की नातेवाइकांचा जीव भांड्यात. एखाद्याने नाही लावली तर "या डॉक्टरला काही कळत नाही" म्हणत पेशंट पुढच्या गल्लीत जातो, त्यामुळे डॉक्टरही लावून मोकळे होतात. पण पाच टक्के ग्लुकोजच्या अर्धा लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. पाच-सहा चमचे. एका ज्वारीच्या भाकरीएवढे उष्मांकही त्यात नसतात. उलट्या-जुलाबाने सुकलेला माणूस सलाईनने उठून बसतो तो पाण्या-मिठामुळे. आप्पांना सुरुवातीला जी तरतरी आली ती बहुधा पाण्याची होती.

आता मेंदू. वजन सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान, म्हणजे अंगाच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण आपण नुसते पडून असतो तेव्हा शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिचा पाचवा हिस्सा हा एकटा घेतो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. यकृतात आणि स्नायूंत साखर साठवून ठेवायची सोय आहे, मेंदूत ती नावापुरतीच. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते ती यामुळेच. एवढी ऊर्जा कशाला लागते? त्यातला मोठा वाटा एका कंटाळवाण्या कामात जातो: प्रत्येक संदेशानंतर पेशीत शिरलेलं सोडियम बाहेर फेकायचं, बाहेर गेलेलं पोटॅशियम आत ओढायचं, की पुढच्या संदेशासाठी पेशी तयार. हे पंप ज्यावर चालतात त्याला एटीपी म्हणतात. ते ज्या पेशीत बनतं त्याच पेशीत खर्च होतं. बाहेरून बाटलीतून ते देता येत नाही.

ग्लुकोजपासून एटीपी बनतं दोन टप्प्यांत. पहिला टप्पा पेशीतल्या रसात होतो. एका ग्लुकोजचे दोन पायरुव्हेट होतात आणि हातात पडतात फक्त दोन एटीपी. खरी कमाई मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या छोट्या वीजघरांत. तिथे प्राणवायू वापरून पायरुव्हेट पूर्ण जाळलं की एकूण आकडा तीसच्या आसपास जातो. पण पायरुव्हेटला या दुसऱ्या टप्प्यात पोचवणारं जे एन्झाइम आहे, ते थायामिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाशिवाय हलत नाही. पुढे त्याच चक्रात आणखी एक एन्झाइम आहे, त्याचंही बी-१ वाचून अडतं. त्यामुळे बी-१ संपलं की रक्तात साखर आहे, प्राणवायू आहे, मायटोकॉन्ड्रिया जागच्या जागी आहेत, आणि तरी पेशी उपाशी. अडलेलं पायरुव्हेट मग लॅक्टिक आम्ल होऊन तिथेच साचत जातं. तू डाइंगला आहेस, बॉयलर रोज बघतोस. हवेची झडप अडकलेली असताना वरून लाकूड टाकत राहिलं तर वाफ वाढत नाही, धूर वाढतो. परवाच्या बाटलीनंतर आप्पांच्या डोक्यात असंच काहीसं झालं असावं.

दारू बी-१ संपवते ती चहूबाजूंनी. पिणारा जेवत नाही, हा एक भाग. जे थोडं पोटात जातं त्यातलं बी-१ आतड्यातून नीट शोषलं जात नाही. यकृत खराब झालं की साठवण कमी होते. जे उरतं ते वापरण्याजोग्या रूपात बदलण्याची क्रियाही मंदावते, त्यात पिणाऱ्याचं मॅग्नेशियम घटलेलं असतं आणि त्याच्याविना बी-१ असून नसल्यासारखं. माणसाला दिवसाला सव्वा ते दीड मिलिग्रॅम बी-१ लागतं आणि अंगातला सगळा साठा २५-३० मिलिग्रॅमचा. जेवण बंद झालं की दोन-तीन आठवड्यांत तळ दिसतो. आप्पांचे तीन महिने झाले होते.

या आजाराला वेर्निकेचं नाव आहे. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी १८८१ साली तीन रुग्णांचं वर्णन केलं: डोळ्यांची हालचाल बिघडलेली, चालताना तोल जातो, मन गोंधळलेलं. तिघांपैकी दोघे दारुडे होते. तिसरी तरुण बाई होती. तिने ॲसिड घेतलं होतं आणि पुढे उलट्यांनी पोटात काही टिकत नव्हतं. ही तिसरी बाई मी मुद्दाम सांगतोय. गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या आणि नुसत्या ग्लुकोजवर ठेवलेल्या मुलींनाही हेच होऊ शकतं, आणि त्यांनी दारूला कधी हातही लावलेला नसतो. कुणाच्या घरी अशी लेक किंवा सून असेल तर डॉक्टरांना बी-१ बद्दल अवश्य विचारा.

हे सगळं ऊर्जेचं दुखणं आहे हे कळायला पुढे पन्नास वर्षं गेली. ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांनी १९३० च्या दशकात बी-१ नसलेल्या आहारावर ठेवलेल्या कबुतरांचा अभ्यास केला. पक्ष्यांची मान पाठीकडे वळायची आणि ते कोसळायचे. त्यांच्या मेंदूच्या ऊतीत लॅक्टिक आम्ल साचलेलं सापडलं. त्याच ऊतीत बी-१ घातलं की ती पुन्हा प्राणवायू वापरायला लागायची. पेशी मेलेली नव्हती, अडली होती. तुझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, कारण अडलेली पेशी सुटते आणि मेलेली परत येत नाही. या दोन अवस्थांमध्ये दिवस फार थोडे मिळतात.

मग गल्लीतल्या डॉक्टरांनी चूक केली का? त्यांच्याशी भांडायला जाऊ नकोस. पिणाऱ्या माणसाची रक्तातली साखर खरंच धोकादायक पातळीला उतरू शकते. पोटात अन्न नाही आणि यकृत दारू निस्तरण्यात गुंतलेलं, त्यामुळे नवी साखर बनत नाही. अशा वेळी ग्लुकोज द्यायलाच हवं, बी-१ ची वाट बघत बसायचं नसतं. पण जो पितो आणि जेवत नाही त्याला बी-१ चं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत मिळायलाच हवं. गोळी पुरत नाही, कारण त्या आतड्यातून एका वेळी फार थोडं आत जातं. आप्पांना आत्ता जे दिवसातून दोन-तीनदा शिरेतून देतायत ते हेच असणार. डिस्चार्ज कार्ड मिळालं की ते घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि शांतपणे दाखव. त्यांच्याकडे आप्पांसारखे पेशंट आणखीही असतील.

तुझ्यासारख्या घरातल्या माणसाला हे आधी ओळखता येतं का? बऱ्यापैकी येतं. माणसाला समोर बसवायचं, डोकं न हलवता आपलं बोट फक्त डोळ्यांनी धरायला सांगायचं आणि बोट हळूहळू एका बाजूला न्यायचं. हा आजार असेल तर बुबुळं टोकाला जाऊन थरथरतात, किंवा एक डोळा मागे राहतो आणि एकाचे दोन दिसतात. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून सरळ रेषेत चालायला सांगायचं. असा माणूस दुसऱ्या पावलालाच पाय फाकवतो. आणि आज वार कोणता, दुपारी काय खाल्लं, हे विचारायचं. तिन्ही लक्षणं एकत्र असणारे रुग्ण थोडे असतात, त्यामुळे एक जरी दिसलं तरी दवाखाना. "प्यायलाय, म्हणून झुलतोय" असं म्हणून घरचे थांबतात आणि नेमके तेच दिवस वाया जातात. न पिता, सकाळी उठल्या उठल्या झुलत असेल तर ती नशा नव्हे.

पुढे काय होईल हे सांगतो, गोड करून सांगत नाही. डोळे सगळ्यात आधी सुधारतात, काही तासांत ते काही दिवसांत. तुला ते दिसलंच. चाल सुधारायला आठवडे-महिने लागतात आणि थोडी लंगड राहू शकते. खरी काळजी आठवणीची. मेंदूच्या तळाशी, मधोमध, आठवणी साठवण्याच्या वाटेवर मटारच्या दाण्याएवढे दोन उंचवटे असतात. बी-१ च्या टंचाईत ते आणि त्यांच्या वरचा थॅलॅमसचा भाग लवकर मार खातात. तिथलं नुकसान कायमचं झालं तर जुनं सगळं बऱ्यापैकी आठवतं आणि नवीन टिकत नाही. त्याला कोर्साकोफ या रशियन डॉक्टरांचं नाव आहे. काही जण बरेच सावरतात, काही नाही. दारू पुन्हा सुरू झाली तर सावरण्याची आशा उरत नाही.

आणि काका येऊन गेला हे जे आप्पा म्हणाले, त्यावर घरात कुणी रागावू नये. आठवणीत भोक पडलं की मेंदू ते भोक हाताला येईल त्या जुन्या तुकड्याने बुजवतो. माणूस त्या वेळी खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच आठवत असतं. "काका वारलेत, आप्पा!" असं दरवेळी ओरडून सांगायची गरज नाही. "बरं, चहा घेणार का?" म्हणून विषय वळवावा. आईला हे नीट समजाव. नवरा आयुष्यभर पिण्यापायी खोटं बोलत आला असेल, तर हेही त्यातलंच असं तिला वाटणार, आणि त्यात तिचा काय दोष.

कोंडून पिणं बंद करण्याचं तू विचारलंस. अजिबात नको. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते. वर्षानुवर्षं तसं चाललं की मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून तोल सांभाळतो. दारू एका दिवसात काढून घेतली की ती वाढवलेली उत्तेजना तेवढीच मागे उरते. सहा-आठ तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, छातीची धडधड, आणि त्यात माणूस दगावतोही. ऊर्जेच्या हिशेबाने बघ: एकीकडे एटीपी बनत नाहीये आणि त्याच वेळी प्रत्येक पेशी बेफाम संदेश पाठवून मागणी वाढवतेय. ताडीचं दुखणं आणखी वेगळं. झाडं मोजकी आणि गिऱ्हाईक भरपूर असलं की नशा दुसऱ्या कशाने तरी आणली जाते. महाराष्ट्रात आणि शेजारच्या तेलंगणात ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याचं अनेकदा उघड झालंय. ते झोपेचं जुनं औषध आहे. त्याची सवय लागते आणि ते अचानक सुटलं तरी झटके येतात. म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरांना "दारू पितात" एवढंच सांगू नकोस. ताडी किती, कुठली, किती वर्षं, तेही सांग. लाज वाटण्याचा तो प्रसंग नव्हे.

मेडिकलवाल्याची झोपेची गोळी कचऱ्यात टाक. गंमत अशी की दारू सोडवताना त्याच जातीची औषधं दवाखान्यात वापरतात, पण मोजून, नाडी आणि श्वास बघत, रोज कमी करत. घरी पिण्याच्या जोडीला ती गोळी गेली तर श्वास मंदावतो, आणि प्राणवायू कमी पडला की मायटोकॉन्ड्रियाचं काम तिथेच थांबतं.

आईची पावडर. "गुपचूप द्या, दारू सुटेल" म्हणून जे विकतात त्यात काय असतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कधी नुसती जडीबुटी, कधी डायसल्फिराम. डायसल्फिराम खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष अंगात साचतं, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, हृदयावर ताण येतो. माणसाला माहीत असेल तर तो त्या भीतीने पीत नाही, औषधाचा उपयोग तेवढाच. माहीत नसेल तर तो पिणारच, आणि आप्पांच्या आत्ताच्या तब्येतीत ते जिवावर बेतेल. चहात काहीही घालायचं नाही. आईला हे माझ्या नावाने सांग, म्हणजे तुझ्यावर यायचं नाही.

आता ते रील. त्यातली अडचण अशी की ते धादांत खोटं नाही. मायटोकॉन्ड्रियाला हात लावणारे पदार्थ आहेत, आणि काही तर भयंकर. कॅलिफोर्नियात १९८२ साली काही तरुण मुलं अचानक लाकडासारखी ताठ झाली, म्हाताऱ्या पार्किन्सनच्या रुग्णांसारखी. विल्यम लँगस्टन या न्यूरॉलॉजिस्टनी माग काढला तेव्हा कळलं, या सगळ्यांनी हेरॉइनच्या जागी चोरून बनवलेली एक नशेची भुकटी टोचून घेतली होती आणि ती बनवताना त्यात एमपीटीपी नावाची भेसळ तयार झाली होती. मेंदूत ते बदलून डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींत शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियातल्या एटीपी बनवणाऱ्या साखळीची पहिली कडीच बंद पाडतं. त्या पेशी परत आल्या नाहीत.

गंमत बघ, तीच पहिली कडी मेटफॉर्मिनही हलकीशी दाबतं. म्हणून रीलवाल्याने दोन्ही एका ओळीत बसवली. पण मेटफॉर्मिनचं मुख्य काम यकृतात चालतं. तिथून रक्तात सुटणारी साखर ते कमी करतं, आणि नेहमीच्या डोसमध्ये दाब इतका सौम्य असतो की जगभर कोट्यवधी लोक ते वर्षानुवर्षं घेतायत. किडनी निकामी होत चालली असेल किंवा माणूस भरपूर पीत असेल तर लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका असतो. आई पीत नाही. तिची किडनीची तपासणी वर्षातून एकदा होतेय ना ते बघ, आणि बरीच वर्षं गोळी चालू असेल तर बी-१२ तपासून घे, कारण या गोळीने ते कमी होतं. गोळी बंद करायची नाही.

बहिणीबद्दल जास्त बोलायला हवं. व्हॅल्प्रोएट मायटोकॉन्ड्रियात चरबी जाळण्याच्या क्रियेत अडथळा आणतं, त्याच कामाला लागणारं अंगातलं कार्निटिन घटवतं, हे खरं. ज्यांच्या पीओएलजी नावाच्या जनुकात जन्मजात दोष असतो त्यांच्या यकृतावर ते घातक ठरतं आणि त्यांना ते देतच नाहीत. हा धोका दोन वर्षांखालच्या मुलांत आणि औषध सुरू केल्यावर पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो. तिला कधी खूप गुंगी, उलट्या, गोंधळल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं आणि रक्तातला अमोनिया तपासायला सांगायचं. पण एका फिटमध्ये मेंदू किती ऊर्जा उधळतो हे रीलमध्ये कुणी सांगितलं नाही. त्या मिनिटांत मागणी दुपटीच्या वर जाते. गोळी एकदम बंद केल्याने फिटमागून फिट येत राहिली तर पेशी खरोखर मरतात. बॅटरी वाचवायला म्हणून गोळी सोडायची आणि बॅटरीच जाळून घ्यायची, असा तो हिशेब होतो.

मात्र तिच्या बाबतीत एक वेगळा प्रश्न आहे आणि तो रीलच्या गावीही नाही. व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस गेले तर शंभरातल्या साधारण दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांच्या बोलण्या-शिकण्यात अडचणी दिसतात. ती १९ वर्षांची आहे. घरात लग्नाचा विषय निघायच्या आधी तिला न्यूरॉलॉजिस्टकडे ने आणि सरळ विचार, तिला दुसरं औषध चालेल का? बदल करायचा तर ते एक कमी करत दुसरं वाढवत महिनोन् महिने करतात. तोवर आत्ताची गोळी वेळच्या वेळी. आणि हे बोलणं तिच्यासमोर होऊ दे, तिला बाहेर बसवून नको.

कॅप्सूल मागवू नकोस. आप्पांचं अडलंय बी-१ पाशी. त्या साखळीत पुढे कुठे तरी लागणारी महागडी द्रव्यं घालून मागचं दार उघडत नाही. बी-१ ची गोळी मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते. उरलेल्या पैशांत घरात महिन्याच्या शेंगा, डाळ आणि अंडी येतील.

आप्पा घरी येतील तेव्हा डिस्चार्ज कार्डावर थायामिन लिहिलंय का, किती आणि किती दिवस, हे तिथेच वाचून घे. नसेल तर वॉर्ड सोडायच्या आधी विचार. मॅग्नेशियम तपासलं का, तेही विचार. तीन महिने उपाशी राहिलेल्या पोटाला पहिल्या दिवशी पंगत वाढायची नसते. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, डॉक्टर सांगतील तसं. पुढे आपलंच जेवण उत्तम: ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, मटकी, डाळ. शेंगदाण्यात बी-१ भरपूर असतं, अख्ख्या धान्यात असतं, पांढऱ्याशुभ्र भातात फारसं उरत नाही. खारी-चहावर माणूस जगत नाही. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर लाव, गेलेल्या दिवसावर रोज त्यांच्याच हाताने काट मारून घे, औषधाचा डबा एकाच जागी ठेव.

पिणं सोडण्याचं काम वॉर्डातून सुटल्यावर सुरू होतं. सिव्हिलमध्येच मनोविकार विभाग आहे, डिस्चार्जच्या आधी तिथली चिठ्ठी करून घे. ओढ कमी करणारी औषधं आहेत, यकृताच्या तपासण्या बघून कुठलं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ या सरकारी हेल्पलाइन आहेत. आईलाही १४४१६ चा नंबर लिहून दे. तिची झोप कधीची उडाली असेल, आणि पत्रात तू सगळ्यांच्या गोळ्यांबद्दल विचारलंस, तिच्या झोपेबद्दल नाही.

घरी आले की थायामिनचा डोस काय लिहिलाय ते मला कळव.